अंधारातला पडदा आणि दिवसाचा उजेड



बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिलाय तो असा : अंधारात लॅपटॉप वापरल्याने डोळे खराब होतात का? लॅपटॉप अलीकडचा, पण ही शंका जुनी आहे. अंधारात पडद्याकडे बघून बघून डोळे गेले, अशी कहाणी मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच घडली होती. आणि कोणाची? धुंडिराज गोविंद फाळके यांची.

१९१०-११च्या सुमारास फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि माणूस झपाटला. मिळेल तो चित्रपट पाहायचा. घरी परतल्यावर भिंग, मेणबत्ती आणि लहानशा कॅमेऱ्याचे प्रयोग. झोप जेमतेम. विश्रांती घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकायचं नाही. शेवटी दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले, आणि दृष्टी परत आली. फेब्रुवारी १९१२मध्ये फाळके लंडनला चित्रपटाचं तंत्र शिकायला निघाले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. बाकी इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

फाळक्यांच्या डोळ्यांना काय झालं होतं? काही ठिकाणी मोतीबिंदू म्हटलंय. पण एकदा गढूळ झालेलं नेत्रभिंग चष्म्याने पुन्हा स्वच्छ होत नाही, तेव्हा ते निदान पटत नाही. शंभर वर्षांनंतर आता नाडी तरी कोणाची बघणार? पण त्या कहाणीत काय काय आहे ते मोजून बघा. अंधार आहे. पडदा आहे. अपुरी झोप आहे. डोळ्यांजवळ धरून करायची बारीक कामं आहेत. जागरणांनी थकलेलं शरीर आहे. आणि कहाणी ऐकणारा प्रत्येक जण त्यातून नेमक्या दोनच गोष्टी उचलतो : अंधार आणि पडदा. बाकीच्या सुटतात. आजचं व्याख्यान या सुटलेल्यांविषयी आहे.

घरोघरी वडीलधाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं : “लाइट लाव रे, डोळे जातील!” या वाक्याला आपल्याकडचीच परंपरा आहे असं नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवर ठेवायचे शोभेचे दिवे निघाले होते, कारण अंधारात टीव्ही बघणं डोळ्यांना वाईट, अशी तिथेही समजूत होती. १९६७मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला सुमारे ९०,००० रंगीत टीव्ही संच परत घ्यावे लागले. त्यांच्यातून क्ष-किरण प्रमाणाबाहेर बाहेर पडत होते. ‘टीव्हीपासून लांब बसा’ या सल्ल्याला तेव्हा खरोखरच आधार मिळाला. पण तो दोष त्या संचांमधल्या उच्च दाबाच्या नळ्यांचा होता. लॅपटॉपमध्ये तसली नळीच नाही. भीतीचं कारण गेलं. भीती राहिली, आणि टीव्हीवरून उतरून मांडीवरच्या लॅपटॉपवर येऊन बसली.

आता मुळात डोळ्यात होतं काय, ते पाहू.

उजेडात बाहुली साधारण दोन मिलीमीटरपर्यंत आकसते, गडद अंधारात तरुण माणसाची सात-आठ मिलीमीटरपर्यंत उघडते. यावरून तर्क असा लढवला जातो, की अंधारात दार सताड उघडं, मग पडद्याचा सगळा प्रकाश थेट आत. ऐकायला बरोबर वाटतं. पण बाहुली खोलीकडे नुसती बघत बसत नाही. समोर उजळ पडदा आला, की ती लगेच आकसते. आणि तो पडदा तरी किती उजळ? पदार्थाची उजळता कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. चांगला लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर तीनशे-चारशेच्या घरात जातो. भर दुपारच्या उन्हात धरलेला पांढरा कागद पंचवीस हजारांच्या आसपास असतो. शेतात काम करणारा, रस्त्यावर भाजी विकणारा, सीमेवर उभा असलेला माणूस दिवसभर अशा उजेडात असतो. दृष्टिपटल भाजायचं तर त्याचं आधी भाजेल.

आणि चित्रपटगृहाचं काय? तीन तास मिट्ट काळोख, समोर प्रचंड पडदा. पिढ्यान् पिढ्या आपण हेच करत आलो. डोळे गेले असते, तर या सभागृहात निम्म्या लोकांना काठी लागली असती. पण इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. चित्रपटगृहाच्या पडद्याची प्रमाणित उजळता ४८ कँडेला आहे, फक्त ४८. म्हणजे अंधारासाठी तो पडदा मुद्दाम मंद ठेवलेला असतो. आपण मात्र दिवसा खिडकीशेजारी बसून चढवलेला ब्राइटनेस तसाच ठेवतो आणि रात्री दिवा घालवून त्याच पडद्यासमोर बसतो. चित्रपटगृहाच्या सहा-सात पट उजेड, तोही हातभर अंतरावर. इजा नाही, पण त्रास होणारच. नजर पडद्यावरून काळ्या भिंतीकडे आणि भिंतीवरून पुन्हा पडद्याकडे गेली, की दर वेळी डोळ्याला जुळवून घ्यावं लागतं. चित्रपटांचं संकलन आणि रंगसंस्करण करणारी मंडळी याच कारणासाठी मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर मंद दिवा सोडतात. ज्यांचं पोट पडद्याकडे बघण्यावर आहे, त्यांची ही सवय उचलायला हरकत नाही.

मग डोळे चुरचुरतात, जड होतात, कपाळ दुखतं, अक्षरं पुसट दिसतात, ते काय खोटं? मुळीच खोटं नाही. फक्त त्याचा गुन्हेगार दुसरा आहे.

जपानचे नेत्रतज्ज्ञ काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये एक साधी गोष्ट मोजली. माणूस मिनिटाला किती वेळा पापण्या मिटतो? स्वस्थ बसलेला असताना सरासरी २२ वेळा. पुस्तक वाचताना १०. संगणकाच्या पडद्यासमोर ७. अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरवायचं काम पापणी करते, आणि आपण तिला कामावरच येऊ देत नाही. त्यात डोक्यावर पाचवर फिरणारा पंखा किंवा कार्यालयातला एसी. थर सुकतो, बुबुळ उघडं पडतं, चुरचुर सुरू होते. हे दिवसाही होतं, रात्रीही होतं. दिवा लावल्याने पापण्या जास्त मिटत नाहीत.

दुसरा गुन्हेगार अंतर. रात्री लॅपटॉप टेबलावर नसतो. तो गादीवर, पोटावर, उशीला टेकवून ठेवलेला असतो आणि डोळ्यापासून वीतभर-हातभर आलेला असतो. जवळचं बघायला डोळ्यातला स्नायू आवळून धरावा लागतो. दोन-तीन तास आवळून धरला, की तो कुरकुरतो. सिंहगड चढून आल्यावर पोटऱ्या भरून येतात, म्हणून कोणी पाय निकामी झाले म्हणत नाही. रात्रभराच्या विश्रांतीने त्या मोकळ्या होतात. डोळ्याच्या या थकव्याचं तसंच आहे. चाळिशी लागलेल्यांनी, म्हणजे खरोखर चष्मा लागलेल्यांनी, एवढंच बघावं की पडद्याच्या अंतराला आपला नंबर बरोबर आहे ना. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात, हे कोणताही चष्मेवाला सांगेल.

तिसरा जरा गमतीचा आहे. डोळ्यांना बरं म्हणून हल्ली सगळे डार्क मोड लावतात, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला २०१३मध्ये झालेल्या प्रयोगांत लोकांना पांढऱ्यावरची काळी अक्षरं जास्त अचूक वाचता आली, तरुणांना आणि वयस्करांनाही. कारण सरळ आहे. पडदा उजळ असला की बाहुली आकसते, आणि आकसलेल्या बाहुलीतून प्रतिमा रेखीव पडते. काळ्या पडद्यासमोर बाहुली मोठी होते, अक्षरांच्या कडा विस्कटतात. ज्यांना तिरकस नंबर आहे त्यांना तर अक्षरांभोवती पिसारा दिसतो. डोळे दिपत असतील तर डार्क मोड जरूर लावावा. पण तो औषध नव्हे.

आता व्हॉट्सॲपवरच्या निरोपांकडे वळू. ‘अंधारात मोबाइल बघितल्याने आंधळी झाली’ हा त्यांचा आवडता मथळा. या मथळ्यांमागे कधी कधी खरी माणसं असतात, म्हणून ते हसून सोडून देता येत नाहीत.

२०१६मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन स्त्रियांची हकिगत दिली. एक २२ वर्षांची, दुसरी ४० वर्षांची. दोघींना अंधारात एका डोळ्याने काही वेळ दिसेनासं व्हायचं आणि मग आपोआप दिसायचं. तपासण्या झाल्या, सगळ्या निर्दोष. मग कोणीतरी योग्य प्रश्न विचारला : हे व्हायच्या आधी तुम्ही नेमकं काय करत होतात? दोघीही अंथरुणात कुशीवर पडून फोन बघत होत्या. एक डोळा उशीत दबलेला, दुसरा पडद्याकडे. दबलेला डोळा अंधाराला सरावला, उघडा डोळा उजेडाला. फोन बाजूला ठेवल्यावर सरावलेल्या डोळ्याला खोली दिसते, उजेडातून आलेल्याला काही मिनिटं काहीच नाही. दृष्टिपटलातलं उजेडाने फिकं पडलेलं रंगद्रव्य परत तयार व्हायला वेळ लागतो. पूर्ण सराव व्हायला वीस-तीस मिनिटं जातात. आज रात्री हा प्रयोग घरी करून बघा. एक डोळा तळहाताने झाका, दहा मिनिटं फोन वाचा, फोन विझवा, हात काढा, आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून बघा. अर्धा अंधार गायब झाल्यासारखा वाटेल. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, ते निरोगी डोळ्याचं लक्षण आहे.

आपल्याकडे २०२३च्या फेब्रुवारीत हैदराबादच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी ट्विटरवर एका तीस वर्षांच्या स्त्रीची हकिगत लिहिली. दीड वर्ष तिला डोळ्यांपुढे ठिपके, लखलख, मधूनच दिसेनासं होणं असा त्रास होता. डोळ्यांची तपासणी निर्दोष. विशेष गरजा असलेल्या मुलाकडे बघायला तिने नोकरी सोडली होती आणि त्यानंतर ती तासन् तास फोन बघायची, रात्री दिवे घालवूनसुद्धा. फोन कमी केला, महिन्याभरात बरी झाली. वर्तमानपत्रांनी मथळा काय दिला असेल, तो तुम्हीच ओळखा. पण त्या बाईच्या आयुष्यात काय काय होतं? नोकरी सुटलेली, लेकराची सततची काळजी, रात्रीची जागरणं. फाळक्यांची यादी आठवते का? इथेही पडदा आणि अंधार तेवढे उचलले गेले. फोन कमी केल्याने बरं वाटलं हे खरंच, पण फोनबरोबर जागरणही कमी झालं असणार, त्याचं श्रेय कोणी मोजलं?

निळ्या प्रकाशाबद्दल थोडक्यात. २०१८मध्ये अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठाचा एक प्रयोग गाजला. निळ्या प्रकाशात रेटिनाल या रेणूमुळे पेशी मरतात, असं त्यात दिसलं. प्रयोग काचपात्रातल्या पेशींवर होता, माणसाच्या डोळ्यावर नव्हता. अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने लगेच खुलासा केला, की फोनच्या निळ्या प्रकाशाने तुम्ही आंधळे होत नाही. तोवर दुकानांत निळा प्रकाश अडवणारे, निळसर झाक मारणारे चष्मे आले होते. २०२३मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. डोळ्यांचा थकवा या चष्म्यांनी साध्या चष्म्यांपेक्षा कमी होतो, असं काही त्यांना आढळलं नाही. काउंटरवरचा पोरगा तरीही लेझर टॉर्च मारून दाखवतो, जादूच्या प्रयोगासारखा! पुढच्या वेळी ते पैसे वाचवा.

इथवर ऐकून एखादा म्हणेल, म्हणजे बघा रात्रभर, काही होत नाही! थांबा. खरं नुकसान आहे, आणि ते दोन ठिकाणी आहे.

पहिलं मुलांचं. १८६७मध्ये ब्रेस्लाउ शहरातल्या हेर्मान कोन या नेत्रतज्ज्ञाने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले. वरच्या वर्गांत जावं तसा लांबचं पुसट दिसण्याचा दोष, म्हणजे मायोपिया, वाढत जाताना त्याला दिसला. अरुंद गल्ल्यांतल्या, अंधाऱ्या शाळांमध्ये तो जास्त होता. कोनने निष्कर्ष काढला : मंद उजेडात वाचल्याने डोळे बिघडतात. तेव्हापासून शाळांच्या खिडक्या मोठ्या झाल्या, हे त्याचं मोठं काम. पण त्याचं निरीक्षण बरोबर असलं, तरी त्याची उकल अर्धीच होती, हे कळायला दीडशे वर्षं जावी लागली.

२००८मध्ये कॅथरिन रोझ, इयन मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी सहा-सात वर्षांच्या, चिनी वंशाच्या मुलांची दोन शहरांत तुलना केली. सिंगापूरमध्ये मायोपिया २९.१ टक्के मुलांना, सिडनीत ३.३ टक्के. वंश एक. सिडनीची मुलं वाचायचीही कमी नाहीत. मग फरक कुठे? सिंगापूरची मुलं आठवड्याला तीन तास घराबाहेर असत, सिडनीची जवळजवळ चौदा तास. पुढे चीनमध्ये ग्वांगझोऊच्या १२ प्राथमिक शाळांत प्रत्यक्ष प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी नव्याने मायोपिया झालेली मुलं तिथे ३०.४ टक्के निघाली, बाकीच्या शाळांत ३९.५. आपल्याकडे एम्सच्या संशोधकांनी दिल्लीतल्या शाळकरी मुलांत १३.१ टक्के प्रमाण मोजलं. रोज दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत ते कमी होतं.

कारण काय असावं? लहानपणी डोळा लांबीला वाढत असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलीमीटर लांब. एक मिलीमीटर जास्त वाढला, की अडीच-तीन नंबरचा चष्मा लागतो. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन स्रवतं आणि ते या वाढीला आवर घालतं, असं शास्त्रज्ञ मानतात. ढगाळ दिवशीसुद्धा अंगणात दहा हजार लक्स उजेड असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत दोनशे-तीनशे. म्हणजे पोराने दिवा लावून लॅपटॉप बघितला काय आणि दिवा घालवून बघितला काय, डोळ्याच्या हिशोबाने दोन्ही अंधारच! आई ओरडते दिव्यावरून. ओरडायला हवं सुटलेल्या मैदानावरून. शाळा, मग क्लास, मग दुसरा क्लास, मग गृहपाठ. खेळाचा तास गणिताला दिला जातो, आणि पालकसभेत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तैवानने २०१०पासून शाळांना रोज १२० मिनिटं मुलं बाहेर काढायला सांगितलं, आणि वर्षानुवर्षं चढत असलेला आलेख तिथे खाली वळला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. उपक्रम उत्तम आहे, अभ्यासासाठी आणि गप्पांसाठी. डोळ्यांसाठी मात्र दुसरा भोंगा दुपारी चारला वाजवायला हवा.

दुसरं नुकसान झोपेचं, आणि ते मोठ्यांचंही आहे. दृष्टिपटलात बघण्याशी फारसा संबंध नसलेल्या, पण उजेड मोजणाऱ्या काही पेशी असतात. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचे डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये त्या दाखवून दिल्या. दिवस आहे की रात्र, हे मेंदूला त्या कळवतात. बॉस्टनमध्ये १२ जणांना झोपण्याआधी चार तास, पाच रात्री, मंद उजेडाच्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवरच्या टॅबलेटवर वाचायला लावलं. तेच पुन्हा छापील पुस्तकावर. टॅबलेटवाल्या रात्रींत मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दीड तास उशिरा वाढू लागलं, झोप जवळजवळ दहा मिनिटं उशिरा लागली, सकाळी पेंग जास्त. पण स्वीडनमध्ये उप्सालाला २०१६मध्ये १४ जणांवर केलेल्या प्रयोगात हा परिणाम दिसला नाही. का? त्या लोकांना आधी दिवसभर साडेसहा तास चांगल्या उजेडात बसवलं होतं. गाडी पुन्हा तिथेच येते. दिवस उजेडात गेला असेल, तर रात्रीचा पडदा डोळ्यांना आणि झोपेला तितका भारी पडत नाही.

हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांना, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत सकाळी सातला शिरून रात्री अकराला निघणाऱ्या स्पर्धापरीक्षांच्या मुलांना हे सांगणं सोपं आहे, त्यांना ते करणं अवघड. एका खोलीच्या बिऱ्हाडात रात्री दिवा घालवावा लागतो तो हौसेने नव्हे, बाजूला म्हातारी आई किंवा तान्हं मूल झोपलेलं असतं म्हणून. त्यांना ‘अंधारात बघू नका’ सांगणाऱ्याने दुसरी खोली कुठून आणायची तेही सांगावं. त्यापेक्षा ब्राइटनेस निम्म्याच्याही खाली आणा, पडदा नजरेच्या जरा खाली ठेवा, भिंतीकडे तोंड करून एक झिरोचा बल्ब लावा, अधूनमधून लांब बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. आणि दुपारी जेवायच्या वेळी डबा हातात घेऊन गच्चीवर जा.

एक अपवाद सांगायचा राहिला, तो शेवटी मुद्दाम ठेवला. काही माणसांच्या डोळ्यात बुबुळ आणि बाहुलीभोवतीचा पडदा यांच्यामधला कोपरा जन्मतःच अरुंद असतो. डोळ्यातलं पाणी तिथूनच वाहून जातं. अंधारात बाहुली मोठी झाली, की तो कोपरा बुजू शकतो आणि डोळ्याचा दाब एकाएकी चढतो. हा काचबिंदूचा झटका. आशियाई लोकांत, साठीच्या आसपास, स्त्रियांत, आणि लांबचं बघायला प्लस नंबरचा चष्मा असलेल्यांत तो जास्त दिसतो. दोष लॅपटॉपचा नाही. चित्रपटगृहातही तो येऊ शकतो. पण अंधाराने डोळ्याला खरोखर इजा होण्याची जागा हीच. रात्री एक डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, मळमळ किंवा उलटी झाली, तर पित्त म्हणून आल्याचा रस घेऊन पडून राहू नका. त्याच रात्री नेत्रतज्ज्ञाकडे जा. आणि चाळिशीनंतर डोळे तपासताना ‘कोपरा बघितलात का?’ एवढं विचारा. तो अरुंद निघाला, तर लेझरने एक बारीक छिद्र पाडतात. काही मिनिटांचं काम असतं, आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.